झोपेचं स्टेटस

चौबे कॉलनीतल्या त्या घरात झोपेला फार मान होता, पण तो एकाच माणसाच्या. यामिनीचा नवरा शेखर उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये रात्रीच्या शिफ्टला जायचा. सकाळी कानात काळी धूळ घेऊन परतला, की दुपारपर्यंत घर श्वास धरून बसायचं. दाराची बेल बंद, मिक्सर बंद. भाजीवाल्या भैयाशीसुद्धा यामिनी खिडकीतून हातवारे करून घासाघीस करायची.

त्यांची मुलगी देवश्री अकरावीत होती आणि ती झोपतच नव्हती. याची मात्र घराला सवय झाली होती.

आधी डोळ्यांखाली काळं आलं. मग वेणी घालताना केस जरा ओढला गेला तरी रडायला लागली. मग एक दिवस आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. यामिनीने दार ठोठावून ठोठावून उघडायला लावलं, तर पोट्टी ओल्या भिंतीला टेकून उभ्याउभ्याच झोपली होती. तेव्हा कुठे यामिनीने तिला पंडरी बाजाराच्या बाजूच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी औषध काही दिलं नाही. म्हणाल्या, "पहले नींद, बाकी सब बाद में. फोन कमरे के बाहर. महीने भर बाद दिखाइए."

परतताना स्कूटीवर यामिनीने मान मागे वळवून विचारलं, "काहून जागते तू एवढी? कोण आहे?"

"कोई नहीं है, मम्मी. ग्रुप है." देवश्री घरातही शाळेतली हिंदीच बोलायची.

ग्रुप वर्गातल्या मुलींचा होता. नाव उल्लू पलटन, आणि नियम एकच. जी आधी झोपेल तिच्यावर त्या रात्री बाकीच्यांनी तुटून पडायचं. तिच्या नाकावर, तिच्या आवाजावर, तिच्या आईच्या साड्यांवर. सकाळी उठून ते सगळं वाचायचं, वर हसायची चित्रं टाकायची, नाही तर रडूबाई म्हणून वेगळं धुतलं जायचं. झोपलेलीचा एखादा फोटो मिळाला तर मग दिवाळीच, देवश्रीने मागे बसूनच सांगितलं.

"तर तुझा फोटो कुठून आणतील ते?" यामिनी हसली. "त्यांच्या घरी झोपाले जाते का तू?"

देवश्री पुढे सरकली. आईच्या पाठीला कपाळ टेकून बसली. यामिनीला वाटलं, पटलं तिला.

फोन कणकेच्या डब्यात गेला. पहिले काही दिवस फार वाईट गेले. देवश्री नखं खाऊन बोटं लाल करायची, घरभर फिरायची, येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

"सब मेरे बारे में बोल रहे होंगे, मम्मी."

"बोलू दे. बोलून बोलून तोंड दुखंल त्यांचं."

आणि मग एका रविवारी, ऐन दुपारी, देवश्री दिवाणावर आडवी झाली आणि झोपली. अशी तशी नाही. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला, गालावर उशीच्या झालरीचा ठसा. लहानपणी झोपायची तशी. यामिनी कितीतरी वेळ बघत उभी राहिली. आत जाऊन तिने काजळाची डबी आणली आणि निजलेल्या पोरीच्या गालाला बोटाने ठळक तीट लावली. कोणाची नजर नको लागायला.

मग फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "खूप दिवसांनी झोपली माझी चिमणी." तीट चांगली उठून दिसत होती.

लोकांनी भराभर पाहिलं. महिला मंडळातल्या बायकांनी हात जोडले, नागपूरच्या नणंदेने लाल बदाम पाठवले. मागच्या गल्लीतल्या वनमालाने तर लिहिलं, "किती गं गोड, इरावतीलाही दाखवलं मी." इरावती म्हणजे वनमालाची मुलगी, देवश्रीच्याच वर्गातली. यामिनीने तिलाही उलट बदाम पाठवले.

संध्याकाळी देवश्री उठली ती निराळीच. चेहरा खुललेला. स्वतःहून म्हणाली, "मम्मी, पोहे बनाओ ना." दोन वेळा वाढून घेतले. यामिनी इतकी खूश झाली, की तिने कणकेच्या डब्यातून फोन काढला, पदराने पुसला आणि बक्षीस म्हणून तिच्या हातात दिला.

देवश्रीने एक घास तसाच तोंडात धरून ठेवला.

ग्रुपवरच्या फोटोत तिच्या उघड्या तोंडात कोणी माशी सोडली होती. कोणी तीट वाढवत वाढवत अर्ध्या गालावर नेली होती. एकीने ते तोंड उघडमीट होईल असं करून त्याला घोरण्याचा आवाज लावला होता, आणि तो शाळेच्या मोठ्या ग्रुपमध्येही पोचला होता, जिथे मुलगेही होते. पहिला फोटो इरावतीने टाकला होता. खाली लिहिलं होतं, "मम्मी की चिमनी सो गई."

"ये किसने खींचा?"

"मी. काहून? एवढी छान..."

"मैंने बताया था ना आपको."

ओरडली असती तर बरं झालं असतं. देवश्री उठली, हात धुतले, गाल साबणाने घासला. मोरीतूनच म्हणाली, "पापा का कभी डाला? वो भी तो मुँह खोल के सोते हैं."

यामिनीने स्टेटस काढून टाकलं आणि तशीच चपला घालून वनमालाकडे गेली. वनमाला मटार सोलत होती.

"अगं, पोट्ट्यांची मस्करी ती. बोलले मी इरावतीले." तिने सरकून जागा केली. "पण एक सांगू का यामिनी? टाकलं तर तूच ना."

त्या दिवसापासून देवश्री रोज रात्री स्वतःहून आपला फोन आणून द्यायची. त्याच्या बदल्यात आईचा फोन घेऊन जायची आणि खोलीला आतून कडी लावायची. यामिनी दाराला कान लावून उभी राहायची. आत दिवा नसायचा, आवाज नसायचा. फक्त पलंग मधूनच करकरायचा, जसा बसलेल्या माणसाने बाजू बदलल्यावर करकरतो. दाराबाहेरून हाक मारली, की लगेच, जराही झोपेचा नसलेला आवाज यायचा, "क्या है?"

महिना झाला. दोघी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डोळ्यांखालचं काळं देवश्रीने यामिनीच्याच पावडरने झाकलं होतं.

"फोन?" बाईंनी विचारलं.

"मम्मी के पास रहता है."

"अरे वा. और नींद?"

देवश्रीने नख दाताखाली धरलं. बाई यामिनीकडे वळल्या. "आप देखती हैं ना? सोती है?"

यामिनीला डोळ्यांपुढे देवश्रीच्या खोलीची कडी दिसली. मग सगळं सांगावं लागेल, हेही दिसलं. स्टेटस कोणी ठेवलं, काय लिहिलं, तीट कोणी लावली. बाहेर बाकावर मंडळातलीच एक ओळखीची बाई नंबर लावून बसली होती आणि दाराला नुसता पडदा होता.

"हव," यामिनी म्हणाली. "रोज देखती हूँ. अच्छा सोती है."

देवश्रीने मान वळवून आईकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. अनोळखी बाईकडे बघावं तसं, जरा वेळ पाहिलं.

"बढ़िया," बाई म्हणाल्या. "फिर अब आने की जरूरत नहीं." आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.