मुक्ताईची पाटी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाघोलीच्या सेटवर प्रवेश सत्तावीसची तालीम थांबली. हवालदाराचं काम करणाऱ्या दिगंबरने टोपी काढून विचारलं, "पण मी हिची पाटी तपासत का नाही?"

मुक्ताई झालेल्या नटीच्या पाटीत शेवंती होती. शेवंतीखाली बेचाळीसच्या चळवळीची पत्रकं. मागे प्लायवूडची नारायण पेठ उभी होती.

प्रियदर्शनीला उत्तर ठाऊक होतं. ती या वेब मालिकेची संशोधन सहायक, आणि मुक्ताई तिची सख्खी आजी. मुक्ताई पेठांतला मैला उचलायची. मैल्याखाली मेणकापडात बांधलेली पत्रकं असायची. नाक्यावरचे पोलीस तिला पाहून चार हात मागे सरकायचे. कोणी शिवलं नाही म्हणून ती पकडली गेली नाही. पकडली गेली नाही म्हणून तुरुंगाच्या दप्तरात तिचं नाव नाही, आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीतही नाही. नातीने वडिलांकडून ऐकून लिहिलेली तीन पानं, एवढाच तिचा पुरावा.

"ती सुंदर असते. तू विरघळतोस," दिग्दर्शक केयूर म्हणाला.

"पुण्यातला हवालदार? शेवंती बघून? माझी बायकोसुद्धा हसेल हो."

"सर, मैल्याची पाटी होती ती," प्रियदर्शनी म्हणाली.

केयूरने तिला बाजूला घेतलं. "लोक जेवताना बघतात गं."

"चॅनेलच्या फॉर्मवर काय लिहिलंय आपण?"

"दलित स्त्री, प्रमुख भूमिका. रिप्रेझेंटेशनचा रकाना भरलाय की मी! आणखी काय हवंय?" तो थांबला. "हे बघ, पाटी बदलेल, बाई राहील. नाहीतर प्रवेशच जाईल. आज बाबांची सही आण."

कागदावर एकच वाक्य होतं: केलेल्या बदलांना कुटुंबाची हरकत नाही.

स्वारगेटजवळच्या घरी तिच्या वडिलांनी, वैजनाथांनी ते दोनदा वाचलं. महापालिकेतून निवृत्त झालेला माणूस, सही करण्याआधी कागद उलटून पाहणारा. मागची बाजू कोरी होती.

"नाव तेच राहणार?"

"हो बाबा. मुक्ताईच."

"आणि लोक तिला फुलवाली म्हणून ओळखणार."

प्रियदर्शनीने कागद सुलटा करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"स्वातंत्र्यानंतरही तीस वर्षं तेच काम केलं तिने," वैजनाथ म्हणाले. "घरी आली की राखेने हात घासायची. तीनतीनदा. तरी आम्हाला जवळ घ्यायची नाही. पाटीत फुलं असती, तर घेतलं नसतं का गं?"

"मग नको करू सही."

"म्हणजे तीही नाही आणि पाटीही नाही."

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

साडेसातला फोनवर उद्याचं वेळापत्रक आलं. प्रवेश सत्तावीस, सकाळी सात वाजता. सामान: पाटी एक, शेवंती पाच किलो. खाली शेरा: आज आठपर्यंत सही न आल्यास प्रवेश वगळावा.

आठला दहा कमी असताना प्रियदर्शनीचा फोन वाजू लागला; केयूर होता. चष्मा तिथेच होता आणि त्याखाली सहीची जागा कोरी.