दात उमटलेली रोटी

कणीक दोन वाट्या, मीठ एक वाटी, पाणी बेताचं. नवरोझच्या सणासाठी प्रत्येकानं घरून खारट कणकेची एखादी शोभेची वस्तू करून आणावी, असं निगोराच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणून मी दोन्ही मुलांना घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. धाकटा सोमोन कासव करत होता. त्याला पाच पाय झाले होते आणि त्यातला एकही काढायला तो तयार नव्हता.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. पिठाशी खेळणं म्हणजे पाप. रोटीचा तुकडा खाली पडला तरी त्या उचलून कपाळाला लावतात. मी त्यांना पोत्याच्या तळाचं, जाळी धरलेलं पीठ दाखवलं, तेव्हा कुठं त्या जर्दाळूच्या झाडांना पाणी घालायला अंगणात गेल्या. जाताजाता ऐकवलंच, की आमची पोरं मातीत खेळायची आणि पिठाचं खायची, आता माती खायचीच बाकी आहे.

हात मळत होते. मन कशातच नव्हतं. गेल्या जुम्म्याला नुरीद्दीनचा, माझ्या नवऱ्याचा, रशियाहून फोन आला होता. तिकडं त्यानं दुसरा संसार थाटला होता, आता इकडं येणार नव्हता. मी बरं म्हटलं आणि दूध उतू जात होतं म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते. घर सासूबाईंचं. त्यांचा मुलगाच माझा राहिला नाही म्हटल्यावर त्यांनी मला आणि मुलांना का ठेवून घ्यावं? भावाच्या घरी आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. रडू येत नव्हतं, रागही नाही. असं काहीच न वाटणं बरं नव्हे, एवढं मात्र कळत होतं.

निगोरा म्हणाली, मी रोटी करणार, बाबांची. मी काही बोलायच्या आत ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरची रोटी खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली. आमच्यात परमुलखी जाणारा माणूस निघताना रोटीचा एक घास चावतो आणि उरलेली घरचे टांगून ठेवतात. परत येऊन ती त्यानंच संपवायची, तोवर तिला दुसऱ्या कुणाचं तोंड लागता कामा नये. ही टांगली तेव्हा सोमोन पाळण्यात होता.

पोरीनं हुबेहूब केली. फुगीर कड, मधे काट्यानं टोचे. दातांची खूण काही जमेना, तेव्हा तिनं सरळ आपल्या रोटीचा चावा घेतला आणि थू थू करत नळाकडे पळाली. सोमोन हसून लोळला. मीही हसले असणार, कारण निगोरा तोंड पुसत म्हणाली, "आई, तू हसलीस."

मग म्हणाली, "आता हीच टांगू. हिला कीड लागणार नाही. कितीही वर्षं राहील."

"राहील," मी म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. रिकामा खिळा पाहून उंबऱ्यातच थांबल्या. आता माझी खैर नाही, असं वाटून मी जुनी रोटी घाईघाईनं टांगायला उठले. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, कडाकडा मोडली, तुकडे वाडग्यात टाकले आणि वर किटलीतला गरम चहा ओतला.

"आजी, मग बाबा आल्यावर काय खाणार?" सोमोननं विचारलं.

"त्याला भाजून घालणारी तिकडं आहे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यानं आईलाही फोन केला होता, आणि आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत एका दस्तरखानावर जेवत होतो.

"भावाला कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कळवू नकोस. उगाच न्यायला येईल." त्यांनी वाडगा माझ्यापुढे सरकवला. "खाल्ल्या मिठाला तो जागला नाही, तू कशाला घर सोडतेस? खा. ही घरातल्या माणसानं संपवायची असते."

चहात भिजूनही तुकडा कडकच होता. मी बराच वेळ चावत राहिले. गिळल्यावर कळलं, की मला केव्हाची भूक लागली आहे.