पाण्याला दिलेले विळे

मी काशाची तलवार बोलतेय, दलदलीच्या तळातून. मला मानाची, शूराची म्हणू नका. डोकं फिरतं माझं. मी आधी विळे होते.

आमच्या खाडीकाठच्या वस्तीत काशाला लागणारं तांबं नाही, कथील नाही. सगळं दूरदेशीच्या होड्यांतून यायचं. एका वर्षी होड्या आल्याच नाहीत. नेमकं त्याच वर्षी पलीकडच्या म्होरक्यानं कमरेला तलवार लावली आणि आमच्या म्होरक्याला, रौदोला, अन्न गोड लागेना. त्यानं घरोघरचे विळे मागवले. होड्या आल्या की एकाचे दोन देईन, म्हणाला.

शेवटचा विळा आल्वाचा, त्याच्या विधवा भावजयीचा. तिनं तो पाठीमागं धरला.

"भावजी, जव काय तलवारीनं कापू?"

"वहिनी, मान वस्तीचा आहे. माझ्या एकट्याचा का?"

"मग वस्तीला मानच शिजवून घाला."

सगळे हसले. विळा मात्र गेलाच.

ओताऱ्यानं मला मातीच्या साच्यात ओतलं. देखणी झाले, काय करायचंय? त्या हंगामात बायकांनी जव हातांनी उपटला. बोटं सोलली, दाणे झडले, उरलेलं पावसानं आडवं केलं. हिवाळ्यात आल्वाची धाकटी पोर भुकेनं गेली. मी तेव्हा चरबीनं चोळलेली, लखलखीत, रौदोच्या कमरेला मेजवान्यांत मिरवत होते. एकदा लांडगा आला, तर धारेला खाच पडेल म्हणून त्यानं मला झाकलं आणि भाला उचलला. अशी मी तलवार!

दोन वर्षांनी रौदो तापानं मेला. होड्या अजून आल्याच नव्हत्या. जव पुन्हा पिकून उभा होता. आल्वा म्हणाली, हिला वितळवा, आमचे विळे द्या. ओतारी भट्टी पेटवायला उठलाही. पण म्हातारे आडवे आले. मेलेल्या म्होरक्याची तलवार पाण्याची, नाही दिली तर पाणी कोपतं. आणि जिवंत हातानं पुन्हा चालवू नये म्हणून मोडूनच द्यायची.

त्यांनी मला तापवून दगडावर दुमडलं. काठावरून आल्वा म्हणाली, "पाण्याचं कुठलं शेत कापायचं राहिलंय?"

म्हाताऱ्यांनी मला दलदलीच्या पाण्यात फेकून दिलं.

उद्या तुमच्यापैकी कुणी मला वर काढलंत, तर घासूनपुसून मखमलीवर मांडू नका. भट्टी पेटवा. पहिला विळा आल्वाच्या नावानं ओता. तिचा विळा माझ्यात कुठं आहे, ते मला अजून कळतं. दुमडलंय, तिथंच ठणकतं.