थोंगने घातलेले मोठे टायर

"ताई, तूच सांग याला. तुझ्या पिकअपला हे टायर म्हणजे पोराच्या पायात पैलवानाचे जोडे!" जॅक खाली घेत प्रयूनमामा म्हणाला. गावातल्या गाड्या तोच दुरुस्त करायचा. "इंजिनाचा जीव केवढा! सपाटीला जाईल, पण चढाला लागली की धापा टाकेल."

थोंग नट आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "मामा, पावसात भोपळे भरले की आईची गाडी ओढ्यात रुतते. आजवर मी ढकलत होतो. आता कोण ढकलणार?"

 पाच-सहा दिवसांत तो भिक्खू होणार होता, आणि गावातल्या इतर पोरांसारखा एका पावसाळ्यापुरता नव्हे, कायमचा. आईपायी दोनदा त्याने बेत पुढे ढकलला होता. टायर नको म्हटलं तर तो तिसऱ्यांदा थांबेल, हे त्याच्या आईला, लामदुआनला, पक्कं ठाऊक होतं. थांबवायचा मोह तिला झाला नाही असं नाही. नवरा गेल्यापासून घरात बोलायला तोच एक होता.

"छान दिसतायत की," ती म्हणाली. "नीट आवळ."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजाराला निघाली. पुलाच्या चढावर गाडी अशी रेंगाळली की मागचा ट्रकवाला ओरडला, "मावशी, उतरा आणि कडेवर घ्या तिला!" संध्याकाळी थोंगने विचारलं, "कशी ओढते?"

"पळते नुसती," ती म्हणाली आणि भाताची टोपली त्याच्यापुढे सरकवली.

विधीच्या सकाळी केसांची पहिली बट आईने कापायची असते. बट कमळाच्या पानावर ठेवून तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. भिक्खूचं चीवर अंगावर चढलं की कुठल्याही बाईने, आईनेसुद्धा, त्याला शिवायचं नाही. तरी ती हसत राहिली.

विहार टेकडीवर. पांढऱ्या वस्त्रातला थोंग छत्री धरून गाडीच्या टपावर बसला, तोंड पुढे करून. गाडी लामदुआन चालवत होती. पुढे ढोल, मागे नाचणारी पोरं. निम्म्या चढावर पहिल्या गिअरमध्येही इंजिन गचके खाऊ लागलं. आता गाडी बंद पडली तर हा खाली उडी मारेल आणि टायर बदलल्याशिवाय विहाराची पायरी चढणार नाही. तिने खिडकीतून प्रयूनमामाकडे केविलवाणं पाहिलं.

मामाने एकदा टपाकडे पाहिलं आणि तो पोरांच्या कानाशी लागला. "नाचा रे, पण हात गाडीला लावून नाचा!"

पोरं काय समजायचं ते समजली. ढोलाच्या दणदणाटात वीस-बावीस हातांनी गाडी वर नेली. थोंगने काही मागे वळून पाहिलं नाही.

बाईच्या हातून थेट काही घ्यायचं नसतं, म्हणून दुपारी चीवरातल्या थोंगने आईसमोर कापडाचा तुकडा अंथरला. तिने त्या कापडावर दानाचं ताट ठेवलं.

"चढली की नाही गाडी?" तो हसून म्हणाला.

"चढली, भन्ते," ती म्हणाली. भिक्खूंना मारतात तीच हाक तिने पोटच्या पोराला मारली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जेवण घेऊन निघाली. आज ढकलायला कोणी नव्हतं. तिने गाडी टेकडीखाली झाडाआड उभी केली, डबा घेतला आणि पायीच चढली. विहाराच्या दाराअलीकडे थांबून तिने घाम पुसला, आणि धाप पुरती ओसरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.