दुसरी ट्रॉली

मॅनेजमेंटच्या कोर्सला जेवणाचेही मार्क असतात, हे ताईंना दुसऱ्या वर्षी कळलं. अगदी रीतसर मार्क! काटा कुठल्या हातात धरायचा, ओळख करून घेताना किती बोलायचं, व्हिजिटिंग कार्ड कधी पुढे करायचं, सगळ्याला. शनिवार-रविवारचा कोर्स, वर्गात झाडून सगळे नोकरदार, कुणाचे केस पिकलेले, कुणाची मुलं कॉलेजात. आणि यांना म्हणे सूप प्यायला शिकवणार! ताई नाव काढून घ्यायलाच निघाल्या होत्या. पण त्या जेवणाच्या निमंत्रणावर प्रमुख पाहुणे कोण ते वाचलं आणि गप्प बसल्या. पाहुणे म्हणजे त्यांच्याच हॉस्पिटलचे डायरेक्टर होते.

ताई त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या सुपरवायझर. सोळा वर्षं तळमजल्यावर. वरून मळलेले कपडे येतात ते सगळे एकाच ट्रॉलीत कोंबून: साध्या चादरी, ऑपरेशनचे रक्ताने भिजलेले कपडे, आणि त्यांच्या घड्यांत कुणीतरी विसरलेल्या सुया. पाच आठवड्यांपूर्वी अशीच एक सुई धाकटीच्या तळहातात घुसली. धाकटी म्हणजे ताईंची सख्खी बहीण. ताईंनीच चार लोकांच्या हातापाया पडून तिला तिथे चिकटवलेलं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवस गोळ्या खाल्ल्या बिचारीने, अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता. रक्ताचा शेवटचा रिपोर्ट यायला अजून दोन महिने आहेत. तोवर ती नवऱ्याचा कपसुद्धा वेगळा ठेवते. कितीदा सांगितलं, कपाने काही होत नाही, पण जिवाला घोर लागला की कोण ऐकतं?

ताईंनी डायरेक्टरना तीन पत्रं लिहिली. ऑपरेशनच्या कपड्यांना वेगळी ट्रॉली द्या, एवढंच मागणं. उत्तर एकाचंही नाही. भेटायला गेल्या तर सेक्रेटरी दारातूनच वाटेला लावी. आता तोच माणूस जेवायला समोर येणार होता. दुसऱ्या ट्रॉलीसाठी ही एकच संधी होती आणि ताईंना ती घालवायची नव्हती.

जेवणाचा नियम असा, की सूप चालू असतानाच प्रत्येक गटाने आपला प्रोजेक्ट पाहुण्यांना सांगायचा. बोलणारा एकच, वेळ दोन मिनिटं. ताईंच्या गटाचा प्रोजेक्ट ताईंचाच होता: मळलेले कपडे कसे उचलावेत, कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्याने. सहा महिने घड्याळ घेऊन वॉर्ड-वॉर्ड फिरल्या त्या ताई. बोलायला मात्र गटाने टायला उभं केलं. टाय म्हणजे बँकेतला ऑफिसर, रविवारच्या वर्गालाही टाय बांधून येणारा. "ताई, काम तुमचं, पण छाप पडायला हवी ना," असं सगळे म्हणाले. ताईंनी मान डोलावली. छाप कुणाची का पडेना, ट्रॉली मिळाल्याशी मतलब! फक्त त्याला चारदा बजावलं, वेगळ्या ट्रॉलीचं आधी सांग, बाकीचं राहिलं तरी चालेल. "ताई, तुम्ही निर्धास्त राहा," टाय म्हणाला होता.

टाय उठला. आवाज गोड, हात कसे हवेत छान तरंगत होते. मध्येच विनोद झाला, डायरेक्टर हसले. कपडे उचलायच्या वेळा सांगून झाल्या, रस्ता सांगून झाला. ताई खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या. आणि टाय म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर, सर, एक मजला, एक फेरी, एक ट्रॉली."

एक ट्रॉली! ताईंना आधी वाटलं आपल्याच कानात काहीतरी गेलंय. तेवढ्यात डायरेक्टर म्हणाले, "वा! सुटसुटीत आहे. पुढच्या महिन्यापासून आमच्या तिन्ही हॉस्पिटलांत हेच करू." टाळ्या पडल्या. टाय खाली बसला आणि ताईंकडे बघून हळूच म्हणाला, "सूप पिताना रक्त नि सुया कुठे काढायच्या, ताई? दोन मिनिटांत बसतही नव्हतं. ते रिपोर्टात आहे की सविस्तर."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका हॉस्पिटलचं दुखणं या गुणी बाळाने तीन हॉस्पिटलांना चिकटवलं होतं, ते का, तर म्हणे सूप चालू होतं! त्या उभ्या राहिल्या. खुर्ची मागे आदळली.

"साहेब, हे चुकीचं आहे," त्या म्हणाल्या.

कोर्सच्या मॅडम लगबगीने आल्या. "ताई, प्रश्न नंतर. गटाचे मार्क जातील हो!"

"जाऊ देत. घाला चुलीत," ताई म्हणाल्या आणि डायरेक्टरांकडे वळल्या. "एका ट्रॉलीत सगळं कोंबतात म्हणून पाच आठवड्यांपूर्वी आमच्या एका बाईला सुई टोचलीये. तेच तुम्ही आता तिन्हीकडे करणार?"

डायरेक्टरांनी चमचा खाली ठेवला. "आपण कुठल्या हॉस्पिटलच्या?"

"तुमच्या."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. डायरेक्टर कसनुसं हसले. "असं होय. गंभीर आहे. आपण एक समिती नेमू. हे बँकेतले गृहस्थ फार छान मांडतात, त्यांना बाहेरचे सल्लागार म्हणून घेऊ. तुम्हीही त्यांना माहिती पुरवा."

टायने चक्क मान लववून होकार दिला. लाज म्हणून नाही मेल्याला! ताईंचा आवाज आता एकदम खाली आला, आणि त्यांच्या हाताखालच्या बायकांनी तो ऐकला असता तर दोन पावलं मागे सरकल्या असत्या.

"समिती तुम्ही सावकाश नेमा, साहेब. उद्या सकाळी सहाला लाँड्रीचं दार मी उघडते. एकत्र भरलेली एकही ट्रॉली मी आत घेणार नाही. आली तशी परत पाठवीन. फक्त कुठे पाठवू तेवढं सांगा. वॉर्डात, की तुमच्या केबिनमध्ये?"

वाढपी हातात ताटल्या घेऊन तसाच उभा राहिला. डायरेक्टरांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग टायकडे. टाय रुमालाच्या घड्या मोडण्यात गढून गेला होता. कुणीच मदतीला येईना तेव्हा त्यांनी विचारलं, "किती लागतील ट्रॉल्या?"

"अकरा. झाकणाच्या. आणि उद्यापुरत्या गोदामात जुन्या सहा पडल्यात, त्या सकाळी द्यायला सांगा."

डायरेक्टरांनी फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, गोदामवाल्याला सांगितलं. सहा जुन्या, अकरा नव्या. ताईंनी शब्दन्‌शब्द ऐकून घेतला, मग खुर्ची सरळ केली. फोन खिशात टाकताना डायरेक्टर जरा मऊ आवाजात म्हणाले, "आणि त्या बाई? कशा आहेत आता?"

"माझी बहीण आहे ती," ताई म्हणाल्या. "तिलाच विचारा. सकाळच्या पाळीला असते. तळमजल्यावर. वाट माहीत नसेल तर कुणीही झाडूवाला दाखवील."