खाली म्हणजे कुठे

क्रीडा विभागाच्या मॅडमनी अरबाजला सरळ सांगून टाकलं होतं, की शेवटच्या मॅचमध्येही स्कोअर शून्यच राहिला तर पुढच्या वर्षी अमेरिकन फुटबॉलची टीम बंद, मैदान क्रिकेटवाल्यांना. यात अन्याय काहीच नव्हता. अख्ख्या सीझनमध्ये आमच्या कॉलेजच्या नावावर एक पॉइंट नव्हता. एकदा समोरची टीम उशिरा आली, तर तेवढ्या वेळात आम्ही आपापसांत खेळून आमचेच दोघे जखमी केले.

पण टीम अरबाजची होती. फर्स्ट इयरला असताना त्याने ती उभी केली आणि आता त्याचं शेवटचं वर्ष होतं. हेल्मेटची जाळी तुटली की तो ती कुवेतच्या शुवैख भागात न्यायचा. तिथल्या गॅरेजात त्याचे वडील, मुस्तफाचाचा, वेल्डिंग करून द्यायचे. माझ्या हेल्मेटला एका पिकअपची जाळी होती. मी समोरून पिकअपसारखाच दिसायचो, वेग सोडून.

मी पुण्यात बारावी करून इथे कुवेतमध्ये, फिंतासला, आईबाबांकडे आलो, तेव्हा कितीतरी दिवस फक्त बिल्डिंगच्या लिफ्टशी बोलत होतो. ती अरबीत मजला सांगायची, मी मराठीत थँक्यू म्हणायचो. मग कॅन्टीनमध्ये मी फोनवर आईशी भांडताना अरबाजने ऐकलं.

"रत्नागिरीचा काय रे?"

"पुण्याचा."

"हरकत नाय. धावतोस?"

"नाही."

"हरकत नाय."

त्याने मला टीममध्ये का घेतलं, हे मी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने विचार केला असता.

शेवटच्या मॅचला त्याने युक्ती काढली. आमच्या चाली समोरच्यांना आधीच कळायच्या, कारण अरबाज त्या ओरडून सांगायचा. इंग्रजी त्यांना येत होतं, अरबी त्यांचीच, आणि हिंदी कुवेतमध्ये कुणाला येत नाही? "आज मराठीत," तो म्हणाला. टीममध्ये मराठी आम्ही दोघेच, तो रत्नागिरीकडचा आणि मी. बाकीच्यांना काही कळणार नव्हतं, पण ते तसंही वर्षभर कळलं नव्हतं.

मॅच संपत आली तेव्हा त्यांचे एक्केचाळीस, आमचं शून्य. तेवढ्यात त्यांच्याच गोल लाइनजवळ त्यांच्या हातून बॉल सुटला आणि आमच्या अब्बासच्या पोटाखाली सापडला. अब्बास तिथे पडूनच होता. आता बॉल आमचा. अरबाजने तो हातात घेतला आणि ओरडला, "आलोक, खाली!"

मैदान पोळपाटासारखं सपाट. त्यात खाली अशी एकच जागा होती. मी आडवा झालो.

मला अडवायला आलेले तिघे थबकले. एकाने हात वर करून रेफरीला बोलावलं. दुसरा वाकून म्हणाला, "यू ओके, ब्रो?" तिसरा पाणी मागवत होता. इथली मुलं मनाने फार चांगली आहेत. अरबाज बॉल घेऊन त्यांच्या पाठीमागून जवळजवळ चालतच गोल लाइन ओलांडून गेला.

रेफरीने मला विचारलं, "इंजर्ड?"

"नो सर. कॅप्टन टोल्ड मी."

त्याने बराच विचार केला. सांगितल्यावर आडवं होण्याविरुद्ध नियम सापडला नाही. टचडाउन. सहा पॉइंट. मॅच आम्ही एक्केचाळीस-सहा अशी हरलो आणि अब्बासला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न सोडून दिला.

अरबाज माझ्याकडे आला. "झोपलास कशाला रे?"

"तू म्हणालास, खाली."

"अरे, खाली म्हंजे समुद्राकडं! वर म्हंजे डोंगराकडं, खाली म्हंजे समुद्राकडं. आमच्या गावात बारक्या पोराला पण कळतं."

"पुण्यात समुद्र नाही, अरबाजभाई."

"मग तुम्ही खाली जाता तरी कुठे?"

"दूध आणायला."

तो हसता हसता रडायला लागला. जाळीतून बोट आत जाईना, म्हणून डोळे पुसायचे राहिले.

मॅडम आल्या. सहा म्हणजे शून्य नव्हे, टीम राहील, पुढच्या वर्षी कॅप्टन कोण, असं एका दमात म्हणाल्या. अरबाजने माझ्याकडे बोट दाखवलं. मॅडमनी मला नीट पाहिलं. मी कानातली वाळू काढत होतो.

"आय विल टीच हिम," अरबाज म्हणाला. मग मला म्हणाला, "परीक्षेपर्यंत आहे मी."

त्याने तिथल्या तिथे माझे खांदे धरून मला वळवलं. "हा समुद्र. मग ही कुठली बाजू?"

मला केव्हाच कळलं होतं.

"परत सांग," मी म्हणालो.