ताईचं स्वच्छ पाणी

त्या घरात माणसं पाच होती आणि मत एक होतं. ते ताईचं. ताई एका शाळेची मुख्याध्यापिका. वय बावन्न, आवाज खणखणीत, आणि पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला कोण कोणाची वेणी ओढतंय ते तिला चष्म्याशिवाय दिसे. चष्म्याचं नाव तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. "आमच्या घराण्यात कोणाला लागला नाही," असं ती ठणकावून सांगे, आणि घराण्यात ती व धाकटी बहीण एवढ्याच उरल्या असल्यामुळे वाद तिथंच मिटे.

आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. पुढे तिच्या वेण्या, तिचे ताप, तिच्या परीक्षा, तिचं लग्न, सगळं ताईनं निभावलं. त्यामुळे ताईचा शब्द कधी पडताळून पाहावा, हे धाकटीच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

धाकटी घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि स्वतः सगळीकडे उशिरा पोचायचा. सोमवारी दुपारी त्यांची सहा वर्षांची ठकी तापानं फणफणली. दिवेलागणीपर्यंत तिच्या पायांवर जांभळे ठिपके उठले. डॉक्टरांनी काचेचा पेला दाबून पाहिला, ठिपके फिके पडले नाहीत, आणि मग हॉस्पिटलात जी पळापळ झाली ती पाहून नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा विनोद सुचला नाही. मेनिंगोकॉकल जंतू, म्हणाले. रक्तात शिरलाय, मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आरोग्य खात्याच्या सिस्टर घरी आल्या. काखेत फाईल, हातात औषधांची पिशवी.

"हा जंतू मोठा सभ्य असतो," त्या म्हणाल्या. "दहा धडधाकट माणसांत एखाद्याच्या घशात बसलेला असतो. त्याला काही करत नाही, भाडेकरूसारखा राहतो. मग खोकल्यातून, पाप्यातून दुसऱ्याकडे जातो आणि एखाद्या लेकराच्या रक्तात उतरतो. घरातल्यांना धोका बाहेरच्यांपेक्षा शेकडो पट. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. एक जण जरी राहिला तरी तो परत सगळ्यांना वाटत सुटेल. आणि पहिल्यांदा कोणाला?" त्यांनी ताईच्या मांडीवरच्या, धाकटीच्या पाच महिन्यांच्या बाळाकडे बोट दाखवलं.

ताईनं बाळाला पोटाशी धरलं.

"दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. बाळाला पातळ औषध. लघवी नारिंगी होईल. घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. घाबरू नका. नारिंगी झालं नाही तर मात्र घाबरा. कोणी डोळ्यांत लेन्स घालत असेल तर काढून ठेवा, कायमच्या रंगतील. काही अडचण असेल तर आत्ता सांगा."

"आमच्याकडे भिंगं फक्त घड्याळाची," नवरा म्हणाला.

"आमच्या घराण्यात–" ताई म्हणाली, आणि पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

"लस नाही का ह्यावर?" धाकटीनं विचारलं.

"आहे ना. जंतूचा गट कळला की तीही देऊ. पण ती पुढची तजवीज. घशात आत्ता ठाण मांडून बसलाय त्याला उठवायला ह्याच गोळ्या."

सिस्टर जिना उतरेपर्यंत ताईनं तक्ता आखून फ्रिजवर डकवला होता. प्रत्येकाचं नाव, प्रत्येक वेळेचा चौकोन. स्वतःच्या चौकोनात ती सगळ्यांत आधी खूण करायची, खाली सही. बाकीच्यांची उलटतपासणी.

"जावईबापू, रंग?"

"झेंडूसारखा, ताई. उगाच वाया चाललाय."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"हो. तुमचा?"

"प्रश्न मी विचारते."

बुधवारी सकाळी बाळ रडलं आणि त्याचे नारिंगी अश्रू धाकटीच्या मशीनवरच्या पांढऱ्या शर्टावर पडले. डाग साबणाला जुमानेना. धाकटीनं तो शर्ट बाजूला टाकला आणि बाकीचा गठ्ठा टेबलाच्या टोकाला सरकवला.

अतिदक्षता विभागात घरच्यांना थांबू देत नव्हते. दुपारी तिथून फोन आला. ठकीनं डोळे उघडले होते. पाणी मागितलं होतं, आणि गृहपाठ राहिला म्हणून ताईमावशी रागावलीय का, असंही विचारलं होतं.

नवऱ्यानं घड्याळ बघून फोनची वेळ लिहून ठेवली. ताई मात्र टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. अशी रडताना तिला कोणी पाहिलं नव्हतं.

"अगं ताई, शर्ट! डाग पडतील!" धाकटी हसत, रडत धावली आणि तिनं गठ्ठा ओढून घेतला.

वरच्या शर्टावर चार ओले ठिपके होते. पाण्यासारखे.

धाकटीनं तो खिडकीपाशी नेला. पांढऱ्यातले पाच पांढरे ओळखणारी ती बाई. ठिपके सुकत गेले आणि शर्ट होता तसा झाला.

"ताई, गोळ्या घेतल्यास?"

"खुणा दिसत नाहीत तुला?"

"खुणा दिसतायत. गोळ्यांचं विचारतेय."

नवऱ्यानं बाळाला उचलून घेतलं.  ताईनं पर्समधून रुमाल काढला. रुमालाच्या व्यवस्थित घडीत तिन्ही वेळच्या गोळ्या होत्या.

"लेन्स आहेत मला," ती म्हणाली. "अकरा वर्षं."

"मग काढून ठेवायच्या दोन दिवस."

"आणि शाळेत चष्मा लावून जाऊ? सगळ्यांसमोर?"

"ताई, बाळ तुझ्या कुशीत झोपतं गं." धाकटीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "काल रात्री झोपलं. आज सकाळीही झोपलं. तू त्याचे पापे घेत होतीस आणि मला विचारत होतीस, त्याचं औषध पोटात गेलं का म्हणून."

ताईनं पेन घेऊन तक्त्यावरच्या स्वतःच्या तिन्ही खुणा खोडल्या. हीसुद्धा त्या घरातली पहिलीच वेळ.

फोन केल्यावर सिस्टर अर्ध्या तासात आल्या. सगळं ऐकून त्यांनी पिशवी उघडली.

"अहो बाई, दुसरी गोळी असते की. एकदाच घ्यायची. रंगबिंग काही नाही. बाळासाठी ते औषध सोयीचं, म्हणून मी घरात सगळ्यांना तेच दिलं. तुम्ही नुसतं माझ्या कानात सांगायचं होतं." त्यांनी गोळी ताईच्या तळहातावर ठेवली. "उद्या ह्या वेळेपर्यंत बाळाला घेऊ नका. बाकीच्यांनी आपला संध्याकाळचा डोस चुकवायचा नाही."

ताईनं गोळी तोंडात टाकली आणि पेलाभर पाणी प्यायली. बाळ बापाच्या खांद्यावरून तिच्याकडे झेपावत होतं. तिचे हात पुढे आले आणि अर्ध्यात थांबले.

"घेतली," ती म्हणाली.

धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तोंड उघड."

"अगं, सिस्टर बघतायत–"

"उघड. जीभ वर कर."

मुख्याध्यापिकेनं तोंड उघडलं. धाकटीनं तिची हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली, जिभेखाली पाहिलं, दोन्ही गालांच्या आत पाहिलं. आणि मग पुन्हा एकदा पाहिलं.